दहाजणांमागे एक बाई: कागदावरचा हिशोब

नेहमी ऐकू येतं की दहा आजी-आजोबांमागे सांभाळायला एक बाई ठेवली की वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाचं अर्धं काम झालं. दिवसा, हिंडत्याफिरत्या मंडळींपुरतं ठीक आहे. पण एक माणूस चोवीस तास हजर हवा तर आठ तासांच्या २१ पाळ्या आठवड्याला भराव्या लागतात आणि एकजण फार तर ६ करतो. म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण धरून चार. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायला दोघी लागतात. एकटीने ओढलं की चादरीवर कातडी घासते, माकडहाडापाशी लाल चट्टा उठतो आणि बेडसोर (पडून राहून होणारी जखम) तिथूनच सुरू होतो. त्यात आपल्याकडे गणपती आणि शिमग्याला सगळ्याच एकदम सुट्टी मागणार! रजेचा तक्ता आषाढातच लावा. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो त्या तिसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतात, त्यांच्यावर बाकीचा आठवडा काढायचा.

वीज गेली तर 'इन्व्हर्टर आहेच' असंही म्हणतात, तेही तितकंसं खरं नाही. पावसात तारेवर माड आडवा झाला की वीज दिवसभर नसते. मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) साधारण ३५० वॉट ओढतो, इन्व्हर्टरच्या १५० एएच (अँपिअर-अवर) नव्या बॅटरीवर तीन-चार तास निघतात. म्हणून ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भरून ठेवा: सुमारे १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरने बारा तास. आणि तो उघडायची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधा, काळोखात नेमकी तीच सापडत नाही.