सहलीचा बेत आखणारे एआय साधन: सुट्टीचे वार कोणी सांभाळायचे?

प्रश्न: नमस्कार. मराठवाड्यातील सहलींचा बेत मराठीत आखून देणारे साधन आम्ही तयार करीत आहोत. एआय मजकूर छान लिहिते. परंतु सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत बिनदिक्कत सुचवते, आणि नेमकी त्याच वारी तेथील लेणी बंद असतात. एआयला दिलेल्या सूचनेत नियम लिहूनही ते अधूनमधून घसरतेच. काय करावे?

उत्तर १: वार, वेळा आणि अंतरे कोष्टकात ठेवा. एआयने प्रवाशाची इच्छा समजून घ्यावी. बेत तपासणे हे साध्या प्रोग्रामचे काम आहे.

उत्तर २: सहमत आहे, मात्र नकाशावरील अंतर पुरेसे नाही. अजिंठ्याला खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढील सुमारे ४ किलोमीटर बसने जावे लागते आणि त्यानंतर पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे सोबत वयस्कर मंडळी आहेत का, हे साधनाने आधीच विचारावे. (परळी, औंढा नागनाथ आणि घृष्णेश्वर एकाच दिवसात कोंबणारा बेत तर मुळीच दाखवू नये.)

उत्तर ३: एक भर घालतो. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असली तरी शेजारचे घृष्णेश्वर मंदिर उघडे असते. म्हणून सुट्टीचा वार गावाला न जोडता त्या त्या स्थळाला जोडावा.