'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू: चूक सुधारावी की जपावी?

पांढरी दोन: काल येथे एका जाणकारांनी लिहिले की, माइल्स डेव्हिस या जॅझ ट्रम्पेटवादकाची 'काइंड ऑफ ब्लू' ऐकायची तर 1992 पूर्वीचीच तबकडी घ्यावी, कारण नंतरच्या आवृत्त्या 'मलूल' आहेत. हे वाचून गप्प बसवले नाही. 2 मार्च 1959 रोजी कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओत मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना सुमारे पाव स्वर चढ्या निघतात. दुसऱ्या बाजूच्या, 22 एप्रिलच्या ध्वनिमुद्रणात हा दोष नाही. 1992 साली जोडीला चालवलेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरल्यावर चूक दूर झाली. ज्याला आपण मलूल म्हणता, ती वादकांची खरी गती आहे.

कॉलेजात असताना मी पहिल्या बाजूच्या 'सो व्हॉट' या रचनेबरोबर पेटी धरत असे. रचना पेटीच्या पांढरी दोन पट्टीत, मधला आठ मात्रागटांचा तुकडा अर्धा स्वर वरच्या काळी दोनमध्ये. पण तबकडीतला बेस त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी उभा. दोष पेटीचाच, असे धरून मी ती कारागिराकडे नेली. तो नको म्हणत असताना सगळे स्वर घासून चढवून घेतले, आणि घरी येऊन दुसरी बाजू लावली तर 'ऑल ब्लूज' बेसूर!

जुनी सुई: ते जाणकार मीच. आपल्या पेटीविषयी सहानुभूती आहे, परंतु पेटी हा पुरावा नव्हे. आपल्या टर्नटेबलचा रबरी पट्टा ताणलेला असणेही शक्य आहे. माइल्स डेव्हिस सप्टेंबर 1991 मध्ये गेले आणि दुरुस्ती त्यानंतर झाली. तोवर बत्तीस वर्षे जगभरच्या वादकांनी याच तबकडीवर सुई मागे घेत-घेत धडे गिरवले. मी ती काकांच्या खोलीत, त्यांनी लंडनहून आणलेल्या प्रतीवर, पावसाळ्यातल्या एका दुपारी प्रथम ऐकली. तीत ट्रम्पेटला जी धार आहे, ती आपल्या 'शुद्ध' आवृत्तीत शोधून सापडत नाही.

पांढरी दोन: पट्टा ताणलेला असता तर दुसरी बाजूही ढळली असती. ती मूळ पेटीशी तंतोतंत जुळत होती, हे मला पेटी बिघडवून घेतल्यावर कळले. काकांची आठवण मोलाची आहे. तिच्यामुळे टेपयंत्राची गती मात्र सुधारत नाही.

रिकामा खिसा: गतीवर काय भांडता? तीच पाऊण तासाची मैफल सोनेरी सीडी, जाड तबकडी, मग मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या दोन तबकड्या अशी पुनःपुन्हा विकली जाते आणि आपण ती घेतो. मी परदेशातून मागवलेल्या एका पेटाऱ्यावर सीमाशुल्क भरले, वर कोपरा चेपलेला मिळाला. आणि 2022 साली काय झाले? जुनी ध्वनिमुद्रणे नव्याने काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या 'ॲनालॉग' म्हणून नावाजलेल्या कित्येक तबकड्यांत मधला टप्पा डिजिटल असल्याचे उघड झाले. 'डिजिटल कानाला टोचते' असे लिहिणाऱ्या येथील मंडळींना त्याआधी इतकी वर्षे काहीच कसे टोचले नाही?

जुनी सुई: रोख माझ्याकडे असेल तर नाव घेऊन लिहावे. फसवणूक विक्रेत्याने केली आणि शिक्षा ऐकणाऱ्याच्या कानांना, हा कोणता न्याय? त्या तबकड्या मला आवडल्या होत्या आणि आजही आवडतात. यावरून कोणी मला बहिरा ठरवणार असेल, तर या चर्चेत मला स्वारस्य नाही.

रिकामा खिसा: बहिरा कोणी म्हटले नाही. डिजिटल तबकडी आवडली, एवढे आपणच कबूल केले. माझे काम झाले.

पांढरी दोन: ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या असंख्य तबकड्या ज्यांच्या हातून निघाल्या, त्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांना एलपी गेल्याचे यत्किंचितही दुःख नव्हते, 1999 पासून त्यांनी स्वतःची जुनी ध्वनिमुद्रणे सीडीसाठी नव्याने सिद्ध केली. तेव्हा सुई विरुद्ध सीडी हे भांडण त्यांच्याही घरचे नव्हते. मूळ प्रश्न गतीचा आहे.

जुनी सुई: रात्री दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या. 'ब्लू इन ग्रीन'मध्ये बिल एव्हान्सचा पियानो खाली उतरल्यावर अधिक सैलावतो, हे नाइलाजाने मान्य करतो. 'फ्रेडी फ्रीलोडर' मात्र काकांच्याच प्रतीवर ऐकणार; तिथला पियानोवादक विंटन केली जरा घाईत असला तरी चालेल. बाकी, त्या पेटीचे पुढे काय झाले?

पांढरी दोन: आहे तशीच आहे. तिच्याशी जुळेल अशी जुनी पहिली बाजू जपून ठेवली आहे. विकायची नाही, कृपया विचारू नये.