भारतात बनलेली हातअवजारं मुंबईत दुकानातून घेताना काय बघावं?

मुलुंड_पूर्व

घरासाठी हातअवजारं जमवायची आहेत. कामं ठरलेली आहेत: नळाखालचे कनेक्शन पाइप बदलणं, मुलांच्या सायकलींची चाकं काढणं, फर्निचरचे सैल स्क्रू आवळणं, अधूनमधून प्लायवूड किंवा अॅल्युमिनियमची पट्टी कापणं. बजेट ५,००० रुपये. माल भारतात बनलेला हवा, आणि ऑनलाइन न मागवता हातात घेऊन बघायचा आहे.

मॉलमध्ये ८०-१०० नगांच्या प्लास्टिकच्या पेट्या बघून आले. पेटीवर नाव देशी, मागे बारीक अक्षरात दुसराच देश. सुटी अवजारं घ्यायची तर कुठे जावं, कोणत्या कंपनीची कोणती वस्तू भरवशाची, आणि काउंटरवर उभ्या उभ्या माल कसा पारखायचा? नकली माल ओळखायची काही खूण आहे का?

फिटर_लालबाग

ताई, नागदेवी स्ट्रीट गाठा, तो हार्डवेअरचा आणि अवजारांचा बाजार. मुलुंडहून स्लो लोकल घ्या, फास्ट मशीदला थांबत नाही. मशीद बंदरला पश्चिमेला उतरून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर दुकानदार नग काढून दाखवायला मोकळा असतो. संध्याकाळी हमालांच्या आणि ठोक गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुम्हाला पक्कड उघडूनही बघू देणार नाही. लोहार चाळ जवळच आहे, पण तो बाजार मुख्यतः इलेक्ट्रिकचा.

घरून निघताना खिशात चार गोष्टी टाका: एक एम८ चा म्हणजे ८ मिमी जाडीचा बोल्ट, एक फुलीचा म्हणजे फिलिप्स २ नंबरचा स्क्रू, वर्तमानपत्राचा तुकडा आणि वायरची एक बारीक तार. माल पारखायला एवढं पुरतं.

आधी लेबल. पॅकबंद मालावर काय छापायचं ते २०११ च्या वैधमापन नियमांत ठरलेलं आहे. बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, आणि माल बाहेरचा असेल तर मूळ देश. ‘मार्केटेड बाय’ या ओळीवर जाऊ नका, ती फक्त विकणाऱ्याची. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ शोधा आणि त्यापुढे कारखान्याचा पत्ता आहे का बघा. ‘इंपोर्टेड बाय’ दिसलं की विषय संपला. एकाच ब्रँडची एक वस्तू इथली आणि दुसरी बाहेरची असू शकते, म्हणून लेबल प्रत्येक नगाचं वाचायचं.

पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर यासाठी माझं मत तपारिया. कारखाना नाशिकला सातपूरमध्ये. मुंबईत जवळपास प्रत्येक हार्डवेअरवाल्याकडे मिळतं आणि सुटा नग सहज बदलता येतो. मेजर टेपसाठी लुधियानाची फ्रीमन्स. कानस घ्यायची तर जेके, त्यांचा कारखाना आपल्या रत्नागिरीत आहे. लुधियाना-जालंधरकडून आणखी बराच चांगला माल येतो, पण तिथल्या लहान कारखान्यांचा दर्जा लॉटगणिक बदलतो. तो माल घेताना पारख जास्त काळजीने करा.

पक्कड ८ इंची घ्या. तपारियाची १६२१-८ या नंबरने मागा. हातात आल्यावर बंद करून ट्यूबलाइटसमोर धरा. कटरच्या दोन धारांमध्ये उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग एक दांडा आडवा धरून दुसरा सोडून द्या. तो आपल्या वजनाने सावकाश खाली यायला हवा. धप्पकन पडला तर रिव्हेट ढिला आहे, अडकून राहिला तर सांधा घासतोय. दोन्ही दांडे बाजूला हलवून बघा, सांध्यात डगडग असेल तर ती वाढतच जाणार. शेवटी कटरमध्ये कागद धरून दाबा. कागद सरळ रेषेत तुटला पाहिजे, दुमडून मध्ये अडकला तर धारा एकमेकींवर नीट बसत नाहीत. एक तार तोडा आणि धारेवर नख फिरवा, खाच जाणवली तर पोलाद मऊ आहे, परत द्या.

पक्कडीवरचं जाड प्लास्टिक म्हणजे शॉकपासून संरक्षण असं धरून चालू नका. ज्यावर १००० व्होल्टचा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण आहे तेवढीच चालू लाइनसाठी चाचणी केलेली. बाकी सगळ्या मुठी पकडीसाठी असतात. पक्कड कुठलीही असो, बोर्ड उघडण्याआधी मेन बंद करायचा.

डबल एंड म्हणजे दोन्ही टोकांना तोंड असलेल्या पान्यांचा आठ नगांचा सेट ६-७ पासून २०-२२ मिमीपर्यंत येतो. घराला सगळा लागत नाही. ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ आणि १६-१७ सुटे घ्या. सायकलच्या मागच्या चाकाचा नट बहुतेक १५ चा, पुढचा पुष्कळदा १४ किंवा १५ चा असतो, तरी घरी मोजून जा. एम८ च्या बोल्टचं डोकं १३ चं. खिशातला बोल्ट १३ च्या तोंडात बसवून हलवा. किंचित फिरेल तेवढं चालतं, पण कोपरा निसटायच्या बेतात येत असेल तर तो पाना बोल्टची डोकी गोल करणार. एकदा डोकं गोल झालं की बोल्ट काढायला छिन्नी लागते.

स्क्रू ड्रायव्हर घेताना तो आडवा धरा आणि टोकावर तुमचा स्क्रू नुसता टांगा. चांगल्या टोकावर स्क्रू स्थिर राहतो. खाली मान टाकली तर टोकाची घडण बरोबर नाही, असा ड्रायव्हर जोर लावला की स्क्रूच्या फुलीतून वर सरकतो आणि फुली खाऊन टाकतो. ‘क्रोम व्हॅनेडियम’ (पोलादाचा चांगला प्रकार) हा शिक्का कोणीही मारू शकतो, त्यावर भरवसा ठेवू नका.

नकली मालाची खूण अक्षरांत सापडते. अस्सल पक्कडीवर किंवा पान्यावर नाव फोर्जिंगमध्येच, म्हणजे पोलाद घडवतानाच, उठलेलं किंवा खोल उमटलेलं असतं, कडा स्वच्छ असतात. नकलीवर अक्षरं उथळ, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर बदललेलं, लेबलवर पत्ता अर्धवट. एमआरपीपेक्षा थोडं कमी करून देणं हा या बाजाराचा रिवाज आहे, पण कोणी निम्म्याहून कमी सांगितलं तर पुढच्या दुकानात जा. जीएसटीचं पक्कं बिल मागा. नकली माल विकणारा बिलावर ब्रँडचं नाव लिहायला कां-कूं करतो.

मुलुंड_पूर्व

खूप उपयोगी माहिती. दोन शंका. कनेक्शन पाइपसाठी पाईप पाना घ्यावा की अॅडजस्टेबल? आणि हॅक्सॉचं पातं कोणतं?

नळजोडणी_ठाणे

अॅडजस्टेबल. पाईप पान्याच्या जबड्याला दात असतात, ते गोल लोखंडी पाइप धरण्यासाठी. क्रोमच्या नटावर लावलात तर पहिल्याच पिळात ओरखडे पडतील, आणि त्या जागी पुढे हिरवट गंज चढतो. घरात जुने जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप नसतील तर पाईप पाना घेऊच नका.

साइज ठरवायची ती नटाच्या मापावरून. अर्ध्या इंची कनेक्शन पाइपचा नट सपाट बाजूंमध्ये साधारण २४ मिमी, भिंतीतल्या गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाचा साधारण ३० मिमी. ८ इंची पाना २४-२५ वर थांबतो, १० इंची जेमतेम ३० पर्यंत जातो. मिक्सर असेल तर १२ इंची घ्या. टेपने नट मोजून कागदावर लिहून न्या, अंदाजाने घेतलेला पाना दोन मिलिमीटरने कमी पडतो.

दुकानात जबडा अर्धा उघडा आणि हलता जबडा अंगठ्याने वर-खाली ढकला. थोडा खेळ असणारच. पण हालचाल डोळ्याला स्पष्ट दिसत असेल तर पाना नटावर तिरका बसतो. मग जबडा पूर्ण मिटून उजेडात धरा, दोन्ही कडा सगळ्या लांबीभर टेकल्या पाहिजेत. खालची फिरकी एका बोटाने, मध्ये न अडखळता फिरली पाहिजे.

वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने ओढायचा. उलटा लावला की सगळा भार फिरकीच्या आट्यांवर जातो आणि पाना कायमचा ढिला होतो. कनेक्शन पाइपला पान्याचा जोर फार लागत नाही. आत रबरी वॉशर असतो. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने पाव फेरा. त्यापेक्षा जास्त पिळलं की वॉशर चिरतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

पटाशी_गिरगाव

हॅक्सॉबद्दल मी सांगतो. पातं १२ इंची, अॅल्युमिनियमच्या पट्टीला इंचाला २४ दातांचं. पट्टी अगदी पातळ असेल तर ३२ दातांचं. नियम सोपा आहे: कापताना निदान दोन-तीन दात एका वेळी मालावर टेकलेले हवेत, नाहीतर दात कडेत अडकून मोडतात. पात्यावर बाण असतो, तो मुठीपासून पुढे जाणारा ठेवा. विंग नट हाताने आवळून पातं ताठ करा. बोटाने टिचकी मारल्यावर बद्द न वाजता टणत्कार यायला हवा. अॅल्युमिनियम दातांत चिकटतं, मध्येच रॉकेलचे दोन थेंब सोडा. बाय-मेटल म्हणजे दोन धातू जोडून केलेलं पातं थोडं महाग, पण वाकल्यावर तुटत नाही. नवशिक्याच्या हातात साधं कडक पातं पहिल्या दिवशीच तुटतं. फ्रेम घेताना पातं लावून ताणा आणि पाठीमागून एका डोळ्याने बघा. पातं आणि फ्रेम एका रेषेत नसतील तर काप नेहमी एकीकडे पळणार.

प्लायवूडला हॅक्सॉ नको, छोटी करवत घ्या. कापाच्या रेषेवर आधी कटरने पट्टीच्या आधाराने खोल रेघ ओढा, म्हणजे वरचं व्हिनियर उचकटत नाही. करवत पुढे जाताना कापते, म्हणून चांगली बाजू वर ठेवा.

हातोडीकडे दुकानात कोणी लक्ष देत नाही, आणि तिथेच अपघात होतो. घरासाठी साधारण ४५० ग्रॅमची क्लॉ म्हणजे खिळे उपटायची चिमटी असलेली हातोडी पुरे. लाकडी दांड्याची असेल तर डोक्याच्या भोकात वरून बघा. पाचर पूर्ण आत बसलेली आणि लाकडाने भोक भरलेलं हवं, फट दिसली तर नको. दांड्याच्या बुडाशी लाकडाच्या रेषा बघा. त्या हातोडीच्या तोंडाच्या दिशेने गेलेल्या असाव्यात, आडव्या असतील तर दांडा तडकतो. आता मुंबईची गोष्ट. पावसाळ्यात घेतलेल्या हातोडीचा दांडा दमट हवेने फुगलेला असतो, डोकं घट्ट वाटतं. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं आणि डोकं हलायला लागतं. लोक ती पाण्यात बुडवतात. दोन दिवस बरं वाटतं, मग सुकल्यावर आधीपेक्षा ढिली. डोक्याकडची बाजू अळशीच्या तेलात रात्रभर ठेवा आणि लोखंडी पाचर ठोका. हे सगळं नको असेल तर स्टीलच्या दांड्याची घ्या.

पटाशी घ्यायची झाली तर लक्षात ठेवा, दुकानातून आलेली पटाशी लाकूड कापत नाही. तिला साधारण २५ अंशांचा उतार असतो, धार तुम्हालाच काढायची. मागची बाजू निसण्यावर म्हणजे धार लावायच्या दगडावर टोकाकडून इंचभर सपाट करा, मग पुढून ३० अंशांवर बारीक धार द्या. मागची बाजू सपाट न करता धार लावणाऱ्यांची धार टिकत नाही.

फिटर_लालबाग

मेजर टेपचं राहून गेलं. ५ मीटरची घ्या. पट्टीच्या सुरुवातीला छापलेला रोमन दोनचा आकडा बघा, तो अचूकतेचा वर्ग. या वर्गात ५ मीटरला १.३ मिमीपर्यंत फरक चालतो. टोकाचा हुक किंचित पुढे-मागे हलतो, तो दोष समजून ठोकून घट्ट करू नका. हुकाच्या जाडीएवढीच ती हालचाल असते, त्यामुळे बाहेरून ओढून आणि आत टेकवून दोन्ही मापं बरोबर येतात. काउंटरवर दोन टेप एकाला एक लावून १ मीटरचे आकडे जुळतात का तेही बघा.

पैसे उरले तर जेकेची ८ इंची सेकंड कट म्हणजे मध्यम बारीक दातांची कानस घ्या. कापलेल्या पट्टीची धारदार कड तिनेच घासायची. ती मुठीशिवाय मिळते, मूठ वेगळी मागा. शेपटाचं टोक उघडं ठेवून वापरलीत तर तळहातात घुसेल. अॅल्युमिनियमवर चालवण्याआधी दातांवर खडू घासा, म्हणजे कीस अडकत नाही. जोर पुढे ढकलताना द्यायचा, मागे आणताना कानस उचलायची.

आणि अवजारं किचनच्या सिंकखाली ठेवू नका, मुंबईत तिथे महिनाभरात गंज धरतो. काळी फॉस्फेट केलेली पक्कड आणि पाने तेल धरून ठेवतात, म्हणून क्रोमपेक्षा मला ती बरी वाटतात. जबड्यावरचं क्रोम सुटलं की त्याच्या कडा बोटं कापतात. जूनच्या आधी शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा सगळ्यांवरून फिरवा आणि अवजारं सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलीत तर आतला ओलावा बाहेर पडत नाही.