विषय: रटगर्सची फी शून्य, मग बिल कसलं?

छोटी काकू: लेकीचं रटगर्सच्या (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) न्यू ब्रन्सविक कॅम्पसचं आर्थिक मदतीचं पत्र आलं. आमचं वर्षाचं उत्पन्न ४८ हजार डॉलर, म्हणजे स्कार्लेट गॅरंटीत (रटगर्सची फीमाफी, ६५ हजारांपर्यंत) बसतो. मग डॉर्म (वसतिगृह) आणि मील प्लॅनचं बिल का? पेल ग्रँटचे (केंद्र सरकारचं अनुदान) ७,३९५ गेले कुठे? शुक्रवारपर्यंत डॉर्मचं कळवायचंय.

ढोलवाला: काकू, गॅरंटी फक्त ट्यूशन (शिक्षण शुल्क) आणि अनिवार्य फीची. आधी पेल आणि राज्याची टॅग ग्रँट फीत वळती होते, उरलेली फी गॅरंटी भरते. राहणं, जेवण, पुस्तकं आपली आपण. आमच्या चिरंजिवांनी डॉर्मसाठी फेडरल कर्ज काढलं, पहिल्या वर्षी ५,५०० च्या वर देत नाहीत. वर्क-स्टडीचे (शिकता शिकता करायच्या कामाचे) पैसे बिलातून वजा धरू नका, ते काम केल्यावर पगार म्हणून येतात. आणि बिलात आरोग्य विमा लावला असेल तर घरचा विमा दाखवून वेव्हर (माफीचा अर्ज) भरा. हे कुणी सांगत नाही. सरळ घरून ये-जा करू दे.

बापू: ये-जा कसली! पार्किंग कुठे मिळतं? प्रिन्स्टनला अर्ज का नाही टाकला? दीड लाखापर्यंतच्या बहुतेक घरांना राहण्याजेवणासकट फुकट. एच-फोरवाल्यांना (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) फेडरल मदत नाही, पण प्रिन्स्टन त्यांनाही देतं.

खजिनदार: बापू, आधी प्रवेश मिळावा लागतो. काकू, फॅफ्सात (केंद्राच्या मदतीचा अर्ज) पुण्याचा फ्लॅट दाखवलात ना? राहतं घर धरत नाहीत, तिकडचा फ्लॅट धरतात.

छोटी काकू: फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. आणि हे सगळ्यांसमोर विचारायचं असतं का, भाऊ?

ढोलवाला: तसंही उत्पन्न ६० हजारांखाली आणि टॅक्स रिटर्नला ठरावीक शेड्यूल्स (जोडपत्रं) जोडलेली नसतील तर मालमत्ता विचारतच नाहीत. मात्र एनआरई खातं (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं बँक खातं) असेल तर टॅक्समध्ये शेड्यूल बी येतं, मग ही सूट गेली. खजिनदारांनी हेही सांगायचं होतं.

खजिनदार: मी टॅक्सवाला नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या पावत्यांवरून झालं तेवढं पुरे.

छोटी काकू: खातं आहे, ह्यांचं. आता नवीन प्रश्न. डॉर्म सोडलं तर ग्रँट कमी होते का?

ढोलवाला: फीवरची नाही. तरी एड ऑफिसला मेल टाकून लेखी घ्या.

बापू: पण पार्किंगचं काय?

ढोलवाला: बापू, एडिसनहून ट्रेननं न्यू ब्रन्सविक पुढचंच स्टेशन!