लेकीचा चित्रकलेचा क्लास आठवीत बंद करावा का?

कृष्णाकाठची आई:
मुलगी आठवीत आहे, सांगलीत. गेल्या वर्षी एलिमेंटरीला (शासनाची चित्रकला परीक्षा) बी ग्रेड मिळाली, यंदा तिची पुढची पायरी, इंटरमिजिएट, द्यायचीय. पण गणिताचा क्लास नेमका त्याच वेळेला आलाय. घरातले सगळे म्हणतात चित्रकला सोड, अक्षरं काढून कुणाचं पोट भरतं? तिला मात्र चित्रांपेक्षा अक्षरांचंच वेड आहे, वहीच्या मागच्या पानांवर एकच 'क्ष' वीस-वीसदा काढते. या क्षेत्रात असलेल्यांनी सांगा, शाळेतलं काही पुढे उपयोगी पडलं का?

दहावीचे सर:
घरच्यांना आधी हे सांगा: इंटरमिजिएटला ए मिळाली तर दहावीला ७, बीला ५, सीला ३ वाढीव गुण मिळतात.

बोरू:
ताई, मी १८ वर्षं देवनागरी फॉन्ट बनवतोय, त्यावरच घर चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तासगाव तालुक्यातली आमची शाळा. सातवीत चित्रकलेच्या सरांनी फाटकाजवळचा सुविचाराचा फळा माझ्याकडे दिला. अक्षर चांगलं होतं म्हणून नव्हे. मी पहिल्या एसटीनं यायचो, शिपाईमामा कुलूप काढायच्या आधी दारात उभा असायचो, म्हणून.

पहिल्याच आठवड्यात 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहिताना शेवटचा 'र' मावला नाही, चौकटीला चिकटवून कसाबसा कोंबला. सर काही बोलले नाहीत. पण प्रार्थनेला सगळी शाळा तिथून गेली आणि जो तो त्या 'र'कडेच बघत होता. दुसऱ्या दिवसापासून मी आधी अक्षरं मोजायला लागलो, मधलं अक्षर धरून दोन्हीकडे जागा वाटायला लागलो.

सरांनी हातात धरून एकच गोष्ट शिकवली. खडू अर्धा मोडायचा, आडवा धरायचा आणि त्याचा कोन बदलू द्यायचा नाही. मग रेघ आपोआप कुठे जाड, कुठे बारीक उतरते. पुढे मुंबईला कॉलेजात तिरकी चोच कापलेला बोरू हातात आला, तेव्हा तो कोन मनगटाला आधीच ठाऊक होता.

एकदा दोन ओळींचा सुविचार होता आणि वरच्या ओळीत 'वैशिष्ट्य' शब्द. 'ष्ट्य' इतका खाली उतरला की खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळला. पुसून तीनदा लिहिला. आजही नवीन फॉन्टमध्ये दोन ओळींतलं अंतर ठरवताना मी पहिल्यांदा हाच शब्द टाइप करतो. जोडाक्षरं धरून माझ्या एका फॉन्टला ७००-८०० आकार काढावे लागतात, आणि त्यातले बरेच मला त्या फळ्यावर पहिल्यांदा नडले होते.

नववीत वर्गशिक्षकांनी 'अभ्यासाकडे बघ' म्हणून फळा काढून घेतला. वर्षभर त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. रोज तो कोरा फळा ओलांडून वर्गात जायचं, हे मला अजून लागतं.

घरच्यांना हेही सांगा की विंडोजवर इतकी वर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट वाचत आलो, तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी केला. तेही कुणीतरी बसून काढलेलंच अक्षर आहे.

पिंपळपान:
आर. के. लक्ष्मण यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, म्हैसूरच्या शाळेत त्यांनी पिंपळाचं पान काढलं, मास्तरांनी कौतुक केलं, आणि तेव्हापासून ते स्वतःला चित्रकार समजू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला, तरी ती समजूत मोडली नाही.

कृष्णाकाठची आई:
बोरूदादा, वाचून दाखवलं तर ती गप्पच झाली. मग क्लास महत्त्वाचा की फळा?

बोरू:
परीक्षा द्यायची असेल तर क्लास हवा, गणिताची वेळ बदलून मिळते का बघा. एलिमेंटरीला तिनं पट्टीनं चौकोन आखून अक्षरं काढली असतील. अक्षराच्या आतली मोकळी जागा बघायची सवय त्यानंच लागते. पण निवडायचंच झालं तर मी फळा म्हणेन. वहीतलं अक्षर ती आणि बाई, दोघीच बघतात. फळ्यावरचं शेकडो पोरं चालता चालता वाचतात, आणि वाचताना कुठे अडखळतात ते तिला समोर दिसतं.

कृष्णाकाठची आई:
आज शाळेत जाऊन आले. ग्रंथालयाबाहेरचा फळा मोकळाच असतो, बाईंनी लगेच हो म्हटलं. सोमवारपासून तिचा. गणिताच्या सरांशी अजून बोलायचंय.

बोरू:
फार बरं वाटलं! खडू आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायला सांगा. ओल्या खडूचं अक्षर आधी फिकट दिसतं, वाळलं की पांढरंशुभ्र उठतं. म्हणून ओलं असताना परत गिरवू नको म्हणावं.