मदत हवी आहे: रेपो रेट कमी झाला तरी गिल्ट फंड खाली का जातोय?

कृष्णाकाठ (शनिवार, ३० ऑगस्ट २०२५, रात्री ११:१२)

जाणकारांनी लवकर सांगा, सोमवारी निर्णय घ्यायचाय. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, अर्धा टक्का कापला. सगळ्या पेपरांत आणि चॅनेलवर तेच, की व्याजदर उतरले की रोख्यांचे भाव चढतात आणि गिल्ट फंडवाल्यांची (सरकारी रोख्यांत पैसे लावणारे म्युच्युअल फंड) चांदी. म्हणून अशाच एका फंडात १५ लाख टाकले. आज ॲप उघडलं तर १४ लाख ६६ हजार. सरकारी रोखे आहेत, बुडणार नाहीत म्हणून तर घेतले होते! विकू का ठेवू?

दशमान (११:३१)

कुठला फंड? कधी टाकले? पैसे कुणाचे, कधी लागणार? गिल्ट म्हणजे १० वर्षांवाला, की लाँग ड्युरेशन, म्हणजे फार लांब मुदतीच्या रोख्यांचा? एवढं कळल्याशिवाय काय डोंबल सांगणार?

कृष्णाकाठ (११:३८)

फंडाचं नाव कशाला हवंय? सगळे सरकारीच असतात ना. १३-१४ जूनच्या सुमारास टाकले. प्रश्न एवढाच आहे की दर कमी झाल्यावर भाव वाढायला हवे होते, ते पडले कसे?

पेठकर_काका (११:५५)

सोनं घ्या. तोळा लाखाच्या वर गेलाय. दोन वर्षांपूर्वी हेच सांगत होतो, तेव्हा हसलात सगळे.

दशमान (रविवार, सकाळी ७:०४)

काका, गौरी आवाहनाच्या दिवशी तरी सोनं सोडा.

कृष्णाकाठ, तुम्ही बातमी वाचून आत शिरलात, पण बाजार ती बातमी महिनोन्महिने आधीच खाऊन बसला होता, म्हणजे कपात धरून भाव आधीच चढले होते. फेब्रुवारीत रेपो ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६.००, ६ जूनला थेट ५.५०. त्यात सीआरआर (बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवायचा हिस्सा) ४ वरून ३ टक्क्यांवर आणण्याची घोषणा. पण त्याच दिवशी धोरणाची दिशा 'तटस्थ' केली आणि गव्हर्नर मल्होत्रा म्हणाले की आता आणखी कापायला फारशी जागा उरली नाही. पेपरांनी अर्धा टक्का मथळ्यात घेतला, रोखे बाजाराने हे दुसरं वाक्य उचललं. १० वर्षांच्या रोख्याचा परतावा (आजच्या भावाने घेतला तर वर्षाला पडणारा टक्का) तेव्हा सव्वासहाच्या आसपास होता, आता साडेसहाच्या वर आहे. रोख्याचं व्याज ठरलेलं असतं, म्हणून परतावा वर म्हणजे भाव खाली.

उंबरठा (८:२०)

पण महागाई तर दीड टक्क्यावर आली जुलैमध्ये! मग रोखे विकतंय कोण? मला तरी यात काहीतरी घोळ वाटतो.

दशमान (८:४१)

घोळ नाही. ६ ऑगस्टच्या पतधोरणात रेपो जागच्या जागी ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत महागाई ४.९ टक्के असेल असा अंदाज दिला. ३० वर्षांचा रोखा घेणारा आजचा दीड टक्का बघत नाही, तो ४.९ बघतो. शिवाय १५ ऑगस्टला जीएसटी कमी करायची घोषणा झाली. लगेच सगळ्यांना वाटलं, सरकारचा महसूल घटेल, कर्जाची उचल वाढेल, म्हणजे रोखे आणखी बाजारात येतील. त्यात राज्य सरकारांचे रोखे आहेतच.

नदीपलीकडे (९:१५)

लोक २०१३ विसरले. मे महिन्यात १० वर्षांचा परतावा सव्वासातच्या खाली होता, आम्ही 'आता दर कापणार' म्हणून गिल्ट फंडात शिरलो. जुलैच्या मध्यात रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने पैसा आवळला आणि ऑगस्टमध्ये परतावा ९ च्या वर. बायको रोज विचारायची, सरकारी ना तुमचं ते? पण थांबलो, विकलं नाही. पुढच्या दोन वर्षांत सगळं भरून निघालं, वर चांगला नफाही झाला. तेव्हा ठेवा. घाबरू नका.

दशमान (९:२३)

तुमचे पैसे तुम्ही दोन वर्षं ठेवू शकलात. यांचे कधी लागणार ते अजून यांनी सांगितलेलंच नाही.

सातबारा (९:४०)

आमच्या पतसंस्थेत साडेनऊ टक्के मिळतात. चेअरमन ओळखीचे आहेत. व्यनि (खासगी निरोप) करा.

उंबरठा (९:४४)

पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा लागू नाही. बँकेत निदान ५ लाखांपर्यंत आहे. निवृत्तीचे पैसे कुणी तिथे ठेवतं का?

सातबारा (९:५१)

२२ वर्षं खातं आहे, एक रुपया अडकला नाही. शहरातल्या लोकांना सहकाराचं काय कळणार. आणि निवृत्तीचे पैसे आहेत असं कुणी म्हटलंय?

कृष्णाकाठ (१०:०२)

हो, बाबांचे आहेत. एफडी जूनमध्ये संपली. नवी घ्यायला गेलो तर बँकेने दर कमी केले होते. तिथल्याच रिलेशनशिप मॅनेजरने हा फंड सुचवला. म्हणाला, 'सर, दर अजून खाली येणार, एफडीत अडकू नका.'

दशमान (१०:०६)

वय? प्राप्तिकराची जुनी पद्धत की नवी? आणि फंडाच्या फॅक्टशीटवर 'सरासरी मुदत' आणि 'मॉडिफाइड ड्युरेशन' (परतावा एक टक्का हलला तर भाव साधारण किती टक्के हलेल) असे दोन आकडे असतात. ते बघून इथे लिहा. कृपया.

हफ्तेबाज (१०:३०)

धागा रेपोचा आहे म्हणून विचारतो. पूर्ण एक टक्का कमी झाला, माझ्या गृहकर्जाचा हप्ता एक रुपयानेही उतरला नाही. बँक पैसे खातेय का?

उंबरठा (१०:४८)

कर्ज कधीचं? ऑक्टोबर २०१९ आधीचं असेल तर एमसीएलआरवर असेल, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर. तिथे दर हळूहळू उतरतो, तोही तुमच्या रीसेटच्या (दर नव्याने लावायच्या) तारखेला. त्यानंतरचं रेपोशी जोडलेलं असेल तर दर कमी झालाही असेल, पण बँका बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. स्टेटमेंटवर किती हप्ते उरले ते बघा. एमसीएलआरवर असाल तर रेपोवर बदलून मागा, शुल्क असतं.

हफ्तेबाज (१०:५०)

२०१७ चं आहे. म्हणजे इतकी वर्षं मी झोपलो होतो.

कृष्णाकाठ (११:१९)

फॅक्टशीट सापडली. सरासरी मुदत २८ वर्षं, मॉडिफाइड ड्युरेशन १२. बाबा ६७ वर्षांचे, पेन्शन आहे, कर नवीन पद्धतीने. सोमवारी निर्णय म्हणालो कारण जानेवारीत बहिणीचं लग्न आहे, त्यातले ५ लाख तेव्हा लागतील.

नदीपलीकडे (११:२२)

अरे देवा. माझं 'ठेवा' मागे घेतो.

दशमान (११:३४)

लग्नाचं हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो!

आता हिशेब करा. ड्युरेशन १२ म्हणजे परतावा ०.३० टक्का चढला की भाव साधारण ३.६ टक्के पडतो. १५ लाखांवर ५४ हजार. अडीच महिन्यांचं व्याज त्यात वीस-बावीस हजार भरून काढतं. उरतो ३२-३३ हजारांचा तोटा, तुमच्या ३४ शी जवळपास जुळलं. फंडात काही घोटाळा नाही. 'सरकारी' याचा अर्थ सरकार पैसे बुडवणार नाही एवढाच, मधल्या काळात भाव हलणार नाही असा नव्हे.

लग्नाचे ५ लाख उद्याच काढा. त्याआधी एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) आहे का बघा. चार महिन्यांवर आलेल्या खर्चाचे पैसे २८ वर्षांच्या रोख्यात ठेवायचे नसतात, मग रिझर्व्ह बँक काहीही करो.

उंबरठा (११:५२)

राहिलेल्या साडेनऊ-दहा लाखांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना का नाही? ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला हातात. १० लाखांवर तिमाहीला २०,५००. बाबांचं यात आधी काही आहे का?

कृष्णाकाठ (दुपारी १२:०५)

नाही, काहीच नाही. बँकेत कुणी सांगितलंच नाही.

उंबरठा (१२:०९)

पाच वर्षांसाठी दर कुलूपबंद. डिसेंबरमध्ये रेपो आणखी उतरला तरी तुमचा दर तोच. फक्त वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दिलेलंही कापून घेतात. म्हणून लग्नाचे पैसे त्यात नकोत.

नदीपलीकडे (१२:२०)

पण मग तोटा पक्का झाला ना? अजून एक कपात आली तर हाच फंड वर जाईल. निदान अर्धे तरी ठेवा.

दशमान (१२:२८)

येईलही. पण ती कपात रोख्याच्या भावात आधीच किती धरलेली आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मला नाही. ६७ वर्षांच्या माणसाच्या पैशावर मी तो अंदाज लावणार नाही. तोट्याचं म्हणाल तर तो झालेलाच आहे, विकला की फक्त कागदावर उतरतो. आणि पुढे दुसऱ्या डेट फंडात (रोख्यांच्या फंडात) नफा झाला तर त्यातून वजा करता येईल. विवरणपत्र मुदतीत भरा म्हणजे झालं.

सातबारा (१२:४०)

८.२ पेक्षा आमचे साडेनऊ जास्तच.

उंबरठा (१२:४१)

परत सुरू!

कृष्णाकाठ (संध्याकाळी ६:१५)

गौरी बसल्या, आता मोकळा झालो. बाबांना सगळं दाखवलं. चौतीस हजारांचं ऐकून काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, 'मग एफडीत किती मिळाले असते?' तेही काढलं. अडीच महिन्यांचे वीस-एकवीस हजार. उद्या ५ लाख काढतोय. बाकीचे साडेनऊ-दहा पोस्टात, पण त्यासाठी बाबांना स्वतः जावं लागेल का? त्यांचे गुडघे दुखतात.

उंबरठा (६:३३)

पोस्टात एकदा जावं लागेल बहुधा. त्यापेक्षा त्यांचं खातं ज्या बँकेत आहे तिथे ही योजना मिळते का विचारा, बऱ्याच बँकांत मिळते. पॅन, आधार, फोटो आणि वारस म्हणून कुणाचं नाव ते ठरवून जा. आणि त्या रिलेशनशिप मॅनेजरच्या टेबलाकडे जाऊ नका.

हफ्तेबाज (६:५०)

माझ्या बँकेत रेपोवर बदलायचा अर्ज ऑनलाइन दिसत नाहीये. कुणी केलंय का?