मदत हवी आहे: एअर रायफल भरायला भाड्याचा नायट्रोजन सिलिंडर

राम राम मंडळी. दर्यापूरजवळच्या खेड्यात राहतो. पोरगी 10 मीटर एअर रायफल खेळते, सराव घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये. बंदूक पीसीपी, म्हणजे टाकीत आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी; टाकीचा दाब 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप). आतापर्यंत हातपंपानं भरत होतो. मे महिन्यात 45 डिग्रीत शंभर दांडे मारून पाहा राजेहो, नेम धरायला हात स्थिर राहतो का ते! वरून पंपातून ओल आत जाते, ती वेगळीच.

अमरावतीचा गॅसवाला 47 लिटरचा नायट्रोजन सिलिंडर भाड्यानं द्यायला तयार आहे. कोरडा गॅस, तसाही हवेत 78 टक्के तोच. पण त्यात दाब साधारण 150 बारच. म्हणजे बंदूक 150 च्या वर जाणारच नाही. 80 वरून 150 पर्यंत नेली तर 200 सीसीच्या टाकीमागे सिलिंडर अर्धा बारही उतरत नाही, म्हणून हिशेब जमेल असं वाटतं.

विचारायचं असं: 150 वर भरून गोळीचा वेग सारखा राहतो का, कोणी मोजलाय? वेल्डिंगचा रेग्युलेटर दाब पाडतो, तो इथं कामाचा नाही. मग ब्लीड व्हॉल्व्ह (भरून झाल्यावर नळीत अडकलेला दाब सोडायची चावी) असलेला हाय-प्रेशर होज विदर्भात कुठं मिळेल? सिलिंडर साखळीनं बांधून सावलीत, उघड्या ओसरीत ठेवीन. बंद खोलीत नायट्रोजन गळला तर वासही येत नाही, माणूस गुदमरतो.

एक शेजारी म्हणे, "माझ्याकडचा ऑक्सिजन भर ना." त्याला हात जोडले. तेला-ग्रीसशी ऑक्सिजन म्हणजे स्फोटच, बाप्पा.

सरावाची शिबिरं पुढच्या महिन्यात आहेत, म्हणून घाई.